भूकंपानंतर रिकाम्या घरांची राखण कशी करायची? जुने वाडे, अरुंद बोळ

मंगळवारपेठी:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमच्या तालमीकडं पुराचा कागद तयार असतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की कुणी काय करायचं, ४३ ला काय, जनावरं कुठं न्यायची, सगळं ठरलेलं. यंदा भूकंपाचाही तसाच कागद करायला घेतलाय आणि एका जागी गाडी अडलीय. गल्लीत साठेक घरं. निम्मे जुने वाडे, दगड-मातीच्या भिंती, लाकडी माडी, वर मंगलोरी कौलं. दोन बोळ जेमतेम आठ फुटांचे. चार घरांत गुजरीतल्या, म्हणजे सराफबाजारातल्या, पेढ्यांचं सोन्याचं काम चालतं.

बैठकीत जुनी माणसं म्हणाली, "मैदानात जाऊन बसू, पण मागं घर उघडं पडलं तर?" पोरं म्हणतात काठ्या घेऊन दारोदार पहारा देऊ. माझे प्रश्न असे: लूटमार खरंच किती होते? पहारा कसा लावायचा? दार-शटर वाकलं तर बंद कसं करायचं? आणि विम्यात चोरी धरतात का? अंदाजपंचे सांगू नका, माहितीतलं सांगा.

कोयनाकाठ:
पहिल्या प्रश्नाचं बघू. भूकंपरोधक बांधकामाच्या २०१६ च्या संहितेप्रमाणे कोल्हापूर भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येतं, कोयना चौथ्यात. कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि चांदोलीच्या बाजूला वारणा खोऱ्यातही धक्के होतच असतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का पहाटे साडेचारच्या आत बसला, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा पहाटे चारच्या आत. दोन्ही वेळा माणसं झोपेत. म्हणजे तुमच्या कागदात 'रात्री, लाइट नाही, लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर' हेच गृहीत धरा.

लुटीबद्दल लोकांच्या डोक्यात चित्रपट असतो. आपत्तीत माणसं कशी वागतात याचा अभ्यास अमेरिकेत कित्येक दशकं पद्धतशीर चाललाय. क्वारंटेली आणि डाइन्स या दोन समाजशास्त्रज्ञांनी साठच्या दशकातच दाखवून दिलं की नैसर्गिक आपत्तीनंतर टोळक्यांनी दुकानं फोडणं हा अपवाद असतो. दंगलीत जे होतं ते भूकंपात सहसा होत नाही. अपवाद आहेत, नाही असं नाही. २७ फेब्रुवारी २०१० ला चिलीत ८.८ चा भूकंप झाला, त्यानंतर कोन्सेप्सियोन शहरात सुपरमार्केटं लुटली गेली आणि लष्कर बोलवून संचारबंदी लावावी लागली. तिथं खाणं-पाणी पोचायला उशीर झाला होता आणि भरलेली दुकानं कुलूप लावून बंद होती. सुरुवात अन्नापासून झाली, पण टीव्ही आणि वॉशिंग मशीनही गेल्या, हेही खरं.

आपल्याकडं धोका आहे तो किरकोळ, ओळखीतल्या आणि उशिराच्या चोरीचा. ढिगारा उपसताना, भंगार उचलताना, निवाऱ्याच्या मांडवातून मोबाइल जाताना. पहिल्या रात्री टोळी येऊन वाडा साफ करेल ही शक्यता कमी. त्या टोळीच्या धास्तीनं म्हातारा-म्हातारी तडा गेलेल्या माडीवर झोपायला परत जातील ही शक्यता मात्र फार मोठी. नेपाळात २५ एप्रिल २०१५ ला ७.८ चा भूकंप झाला, आणि १२ मे ला ७.३ चा. सतरा दिवसांनी! त्या दुसऱ्या धक्क्यात आणखी दोनशेवर माणसं गेली. पहिल्यानं खिळखिळी केलेली घरं दुसऱ्यानं पाडली. म्हणून राखणीची व्यवस्था मुळात माणसाला घराबाहेर ठेवण्यासाठी करायची. 'तुझं घर आम्ही बघतोय' हे त्याला पटलं तरच तो मैदानात बसेल.

निवृत्त_खाकी:
वरचं बरोबर आहे. आता पहारा.

काठ्या घेऊन दारोदार हे डोक्यातून काढून टाका. पडायला आलेल्या इमारतीपासून तिच्या उंचीच्या दीडपट लांब राहायचं असा ठोकताळा आहे. तुमचा वाडा आढ्यापर्यंत पंचवीस फूट असेल तर साधारण सदतीस फूट. बोळ आठ फुटांचा! म्हणजे बोळात उभा राहिलेला पहारेकरी कौलं आणि दगड अंगावर घ्यायलाच उभा आहे. भुजच्या जुन्या गावात २००१ साली असेच अरुंद रस्ते दोन्ही बाजूंच्या ढिगाऱ्यानं भरून गेले होते. बोळात कुणीच नाही, पहारा बोळाच्या दोन्ही तोंडांना, मोकळ्या चौकात. बोळाला दोनच तोंडं असतात, ती धरली की आतली तीस घरं धरली. मागच्या परड्यातून, गच्चीवरून वाट असेल तर ती आधीच नकाशावर खूण करून ठेवा.

प्रत्येक तोंडाला दोघं, एकटा कधीच नाही. पाळी दोन तासांची, रात्री तर त्याहून जास्त नकोच, कारण सगळेच जागलेले आणि घाबरलेले असतात. दोघांतला एक तरी त्या बोळातली माणसं तोंडानं ओळखणारा हवा. पोरांपेक्षा इथं रोज कट्ट्यावर बसणाऱ्या काकू जास्त उपयोगी, त्यांना पाहुणेसुद्धा पाठ असतात. जवळ शिट्टी, टॉर्च, वही, पेन. वहीत नाव, घर, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, हातात काय नेलं. गाडी आली तर नंबर.

आत कुणाला सोडायचं? इंजिनिअरनं घर बघून 'चालेल' म्हटलंय त्यालाच. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा, भिंतीवर फुलीसारखे तडे, भिंत पोट काढून बाहेर आलेली, तुळईचं टोक भिंतीतून सुटलेलं, यातलं एक जरी दिसलं तरी मालक असला म्हणून काय झालं, नाहीच सोडायचा. ज्याला सोडाल त्याला पंधरा मिनिटं, एका वेळी एक, पायात बूट, डोक्याला हेल्मेट, दुसरा माणूस चौकात घड्याळ लावून उभा. आत जाताना कुणी काडी ओढायची नाही, बटण दाबायचं नाही. गॅसचा वास आला की तसंच मागं फिरायचं. सिलिंडरचा रेग्युलेटर आणि मेन स्विच पहिल्याच धक्क्यानंतर बाहेर पडताना बंद झाला असेल तर निम्मं काम झालं. ही सवय आधी घराघरांत लावा.

कुणी चोरी करताना सापडला तर? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० बघा. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा तुमच्या समोर घडला तर सामान्य माणूसही धरू शकतो, पण विनाकारण वेळ न घालवता, उशिरात उशिरा सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायला लागतं. राहत्या घरातली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते, सात वर्षांपर्यंत शिक्षा. धरायचं, बसवायचं, ११२ ला फोन करायचा. हात उगारायचा नाही. एक थप्पड मारली की गुन्हा तुमच्यावरही.

आणि एक, जिल्हा प्राधिकरणाला आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३४ खाली बाधित भागात माणसांची आणि गाड्यांची ये-जा रोखता येते. तो अधिकार त्यांचा, तालमीचा नाही. म्हणून नाका लावताय हे पोलीस ठाण्याला आणि जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर पहिल्या तासातच कळवा, पहारेकऱ्यांची यादी द्या.

दंडकाठी:
सगळं ठीक. पण रात्री दोन वाजता चार अनोळखी पोरं बोळात शिरली तर शिट्टी वाजवून काय होणार? काठी लागतेच की. आणि मोबाइल ग्रुपवर टाकलं की अख्खी पेठ दोन मिनिटांत गोळा होते.

कोयनाकाठ:
@दंडकाठी तीच तर भीती आहे, भावा. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियो-योकोहामाचा भूकंप झाला. कोरियन लोक विहिरींत विष घालतात, आगी लावतात, लुटतात अशी अफवा उठली. गल्लोगल्ली स्वयंसेवकांनी नाके लावले, येणाऱ्याजाणाऱ्याची बोली तपासली आणि हजारो निरपराध माणसं मारली. अफवा खोटी होती, पहारा मात्र खरा होता. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी लुटारू दिसेल तिथं ठार मारण्याचा हुकूमच काढला होता. अंधारात आपल्याच पडक्या घरातून सामान काढणारा मालक आणि चोर यात फरक दिसत नाही.

तुमचे ते चार अनोळखी बहुतेक कुणाचे तरी भाचे असतील, नाहीतर दुसऱ्या पेठेतून माणसं काढायला आलेले. शिट्टीनं चोर पळतो, आणि पळाला की काम झालं. ग्रुपवर टाकायचं असेल तर तीन गोष्टी असल्याशिवाय नाही: कुणी स्वतः पाहिलं, कोणत्या जागी, किती वाजता. 'ऐकलंय', 'फॉरवर्डेड' असं काही आलं की ॲडमिननं तिथल्या तिथं उडवायचं. खोटा इशारा देऊन घबराट पसरवणं हा आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्याच कलम ५४ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद.

शाहूपुरी_फॅब्रिकेशन:
दार-शटरचं मी सांगतो, इथं लई लोक चुकतात.

आधी शटर. भिंत तिरकी झाली की दोन्ही बाजूंच्या गाइडमधलं अंतर बदलतं, पट्ट्या अडकतात नाहीतर गाइडमधून बाहेर येतात. मग माणूस पहार घेऊन खालून ठोकायला लागतो. वरचा पाइप ज्या ब्रॅकेटवर आहे त्याचे बोल्ट तडकलेल्या भिंतीत आधीच सैल झालेले. दहा बाय दहाचं अठरा गेजचं शटर पाइपासकट शंभर किलोच्या वर जातं, आणि स्प्रिंगचा पीळ वेगळाच. ते डोक्यावर आलं तर विषय संपला. तेव्हा ब्रॅकेटच्या आसपास भिंतीला तडा दिसला की शटरला हात लावायचा नाही. अर्धं उघडं राहिलंय? राहू दे. माल गेला तर जाईल.

आता वाड्याचं दार. चौकट तिरकी होऊन दार बसत नाही, म्हणून लोक रंधा मारतात नाहीतर घणानं चौकट सरळ करायला जातात. असलं अजिबात करू नका. वरची भिंत खचलेली असते आणि तिचं ओझं त्या चौकटीवर आलेलं असतं. चौकट हलली की वरचं सगळं खाली. दार आहे त्या जागी सोडायचं, दोन्ही फळ्यांना गिरमिटानं साखळीची कडी आरपार जाईल एवढं एकेक भोक पाडायचं, त्यातून आठ मिलिमीटरची साखळी ओवायची आणि कुलूप. चार बोटं फट राहिली तरी चालतंय, माणूस आत शिरत नाही म्हंजे झालं. गिरमिट यासाठी की लाइट नसते. वेल्डिंगचं नावच काढू नका, एक तर करंट नाही, वर गॅस गळती.

खिडकी किंवा मोडलेलं दार बंद करायचं तर भिंतीत अँकर मारायला जाऊ नका, तडकलेली भिंत तो धरत नाही आणि ड्रिलच्या हादऱ्यानं आणखी सुटते. बाहेरून बारा मिलिमीटरचा प्लाय लावायचा, उघड्या जागेपेक्षा चारी बाजूंनी तीन-तीन इंच मोठा. आतून दोन बाय तीनच्या दोन आडव्या पट्ट्या, जागेपेक्षा दोन्हीकडं सहा इंच लांब. प्लाय आणि पट्टी यांच्या आरपार दहा मिलिमीटरचे गोल डोक्याचे बोल्ट. गोल डोकं बाहेर, नट-वॉशर आत. भिंत मधे चिमटली जाते, तिला एकही भोक नाही. बोल्टची लांबी आधी भिंतीची जाडी मोजून घ्या. पातळ विटांच्या भिंतीला बारा इंचाचा पुरतो, वाड्याच्या दोन फुटी भिंतीला आख्ख्या आट्याचा रॉड कापून घ्यायला लागतो आणि त्याला दोन्हीकडं नट येतात. तेव्हा बाहेरच्या नटापुढचे आटे हातोडीनं चोपून बोथट करून टाका, नाहीतर चोर पान्यानं सोडवेल. हे काम फक्त ज्या घरात आत जायची परवानगी आहे तिथंच.

साठ घरांच्या गल्लीला आठ बाय चारचे सहा प्लाय, पट्ट्या वीस, बोल्ट-रॉड मिळून पन्नास, तीन-तीन फुटी साखळीचे वीस तुकडे, वीस कुलपं, दोन गिरमिट, दोन करवती, पाने आणि बाइंडिंग वायरचं एक बंडल एवढं पुरं. किल्ल्यांना घर नंबरचे बिल्ले लावा. हे सगळं तालमीच्या जुन्या इमारतीत ठेवाल तर तीच आधी पडायची. मोकळ्या जागेत पत्र्याच्या पेटीत ठेवा.

मंगळवारपेठी:
उत्तम. पेटी मैदानाच्या कडेला ठेवू. सोनारकामाच्या घरांचं काय? आणि विमा?

विमा_सोपा_करून:
विम्यात एक महत्त्वाचा बदल झालाय जो बऱ्याच जणांना माहीत नाही. पूर्वीच्या प्रमाणित आगीच्या पॉलिसीत आपत्तीच्या वेळी किंवा नंतर झालेली चोरी सरळ वगळलेली होती. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' आणि पाच कोटींपर्यंतच्या धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आली. या दोन्हींत भूकंप तर आहेच, शिवाय त्या घटनेमुळं सात दिवसांच्या आत झालेली चोरीही धरतात. सात दिवस मोजून. आठव्या दिवशी शटरच्या फटीतून माल गेला तर त्याला वेगळी घरफोडीची पॉलिसी लागते. म्हणून पहिल्या आठवड्यातच जे बाहेर काढण्यासारखं आहे ते काढा किंवा बंदिस्त करा, आणि चोरी झाली तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा. ठाण्यात जाता येत नसेल तर ऑनलाइन कळवता येतं, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायला लागते.

गृह रक्षामध्ये घरातलं सामान इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, आपोआप येतं. पण दागिने त्यात नाहीत, ते वेगळे सांगून, मूल्यांकन करून जोडावे लागतात. रोख रक्कम तर नाहीच.

'लॉकरमध्ये ठेवलं की सुटलो' असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणं आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भूकंप, पूर, वीज यांतलं नुकसान मात्र बँकेवर नाही. तरी तडकलेल्या वाड्यातल्या कपाटापेक्षा लॉकर कधीही बरा.

कारागिरांसाठी: जे सोनं घडवायला आलंय ते कारागिराच्या मालकीचं नसतं, तेव्हा पॉलिसीत 'दुसऱ्याचा माल ताब्यात' असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर दावा अडतो. आवक-जावक वहीचा फोटो रोज संध्याकाळी दुसऱ्या गावातल्या माणसाला पाठवायचा. वही ढिगाऱ्यात गेली की कुणाचं किती ग्रॅम हे ठरवता ठरवता नाती तुटतात. आणि तिजोरी माडीवर असेल तर आजच तळमजल्यावर आणा. दोन-तीनशे किलोचं वजन लाकडी तक्तपोशीवर म्हणजे भूकंपाला आमंत्रण, खाली झोपणाऱ्यावर येईल.

निवृत्त_खाकी:
ढिगाऱ्याचं राहिलं, आणि खरी चोरी तिथंच होते. जेसीबी लागण्याआधी मालक किंवा वारस हजर हवा. कुणीच नसेल तर तलाठी किंवा महापालिकेचा माणूस आणि दोन पंच. एका वेळी एकच घर उपसायचं, दोन घरांचा ढिगारा एकत्र झाला की वाद मिटत नाही. सापडलेला डबा तिथं उघडायचा नाही. फोटो, वजन, पिशवीत घालून लाखेचं सील, वर पंचांच्या सह्या, वहीत नोंद. डंपर कुठं रिकामा होतो तेही लिहा, भंगारवाले तिथं थांबलेले असतात. मेलेल्या माणसाच्या ताब्यातली वस्तू लाटणं हा न्याय संहितेच्या कलम ३१५ चा वेगळा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत. नोकरानं केलं तर सात.

शिरोळकर:
मदतीच्या ट्रकबद्दल थोडं. 'ट्रक लुटला' अशा बातम्या येतात त्यात बहुतेक वेळा वाटपच चुकलेलं असतं. ट्रकवर उभं राहून पाकिटं फेकली की चेंगराचेंगरी ठरलेली, धट्टेकट्टे पुढं आणि म्हाताऱ्या मागं. ट्रक वस्तीत न आणता शाळेच्या आवारात न्यायचा, फाटक बंद. कुटुंबामागं एक कुपन आदल्या रात्रीच वाटायचं, त्यावर घर नंबर आणि माणसं किती. एका दारानं आत, दुसऱ्यानं बाहेर. कुपनं पाचशे आणि पाकिटं चारशे असतील तर त्या दिवशी वाटपच करू नका, उरलेली शंभर येईपर्यंत थांबा. आणि मांडवात रात्रभर उजेड ठेवा, विशेषतः संडासाच्या वाटेवर. मोबाइल आणि मंगळसूत्रं तिथंच जातात.

मंगळवारपेठी:
शेवटचं एक. पहारा किती दिवस ठेवायचा? पोरं चार दिवसांत कंटाळतात.

निवृत्त_खाकी:
पहिले सात दिवस चोवीस तास. नंतर इंजिनिअरनं ज्या घरांना हिरवी खूण दिली त्यांत लोक परतले की दिवसाचा पहारा आपोआप सुटतो, रात्रीचा ठेवा. लाल खुणेची घरं उतरवून होईपर्यंत त्या बोळाचं तोंड बांबू बांधून बंद, तिथं माणूस नसला तरी चालेल. कंटाळ्यावर उपाय म्हणजे यादी मोठी ठेवणं. दोन बोळ, चार तोंडं, प्रत्येकी दोघं, दोन तासांची पाळी, म्हणजे दिवसाला शहाण्णव पाळ्या. अठ्ठेचाळीस माणसं असली तर प्रत्येकाला रोज दोनच येतात. तुमच्या साठ घरांतून तेवढी निघतात, बायकांची नावं यादीत घातलीत तर.

मंगळवारपेठी:
घातली. रविवारी बोळांची तोंडं आणि परड्यातल्या वाटा मोजायला निघतोय, नकाशा झाला की इथं टाकतो.